नको म्हणायचे नव्वद दिवस

प्रिय ठमे,

मी पाठवलेली पेटी पोचल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि लगेच विचारलंस, "बाबा, घर विकलं की काय?" मी म्हटलं, वरची खोली जरा मोकळी करतोय. ते अर्धंच खरं होतं. मग तू घराचा कर-क्रमांक विचारलास, एक हप्ता मी भरते म्हणालीस, तेव्हा मी मुद्दाम हवापाण्याचं काढलं. तुला ते कळलं असणारच, आईचे कान तुला मिळालेत. घर विकलेलं नाही. ते विकलं जात नाही. ते तुझ्यापर्यंत येऊ नये एवढीच आता माझी खटपट आहे, आणि ती सांगायला फोन पुरत नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस. पत्रात तुला शेवटपर्यंत थांबावं लागेल, म्हणून लिहायला बसलो.

हे घर आपण कसं घेतलं ते तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. तू तेव्हा सतरा वर्षांची, वसतिगृहात होतीस. आम्ही दोघं त्या मोठ्या शहरातल्या भाड्याच्या खोलीत. तिथलं दार सामायिक बोळात उघडायचं आणि दार उघडलं की समोरच्यांची बादली. तुझ्या आईला फार काही नको होतं, फक्त रस्त्यावर उघडणारं स्वतःचं एक दार हवं होतं. कुणीतरी या शहराचं सांगितलं. शिलाई मशीनचा कारखाना बंद पडला होता, माणसं निघून चालली होती आणि घरं मातीमोल. दलालाने सांगितलेली किंमत ऐकून आई म्हणाली, एवढ्यात तर धड कपाटही येत नाही. मी म्हटलं, मग कपाट समजूनच घेऊ. आम्ही दोघं हसलो. एका जुन्या स्कूटरच्या पैशात दोन मजली घर. स्वस्त ते महाग पडतं हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण माहीत असलेलं वेळेवर आठवेलच असं नसतं. तरी सही करायच्या आधी मी दलालाला सरळ विचारलं, मालकाची काही बाकी आहे का? त्याने छातीवर हात ठेवला. "मालकाच्या नावावर एक छदाम नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. मीच चुकीचा प्रश्न विचारला होता.

चार महिन्यांनी करखात्याचा कागद आला. मागच्या अकरा वर्षांची बाकी. मी कागद घेऊन खिडकीवर गेलो. तिथली बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "काका, कर माणसाला लागत नाही, भिंतीला लागतो. माणूस बदलला, पण भिंत तीच आहे ना?" शिवाय कराचा आकडा कारखान्याचा भोंगा वाजत होता तेव्हाच्या किमतीवर बसवलेला. मी म्हटलं, आता ती किंमत राहिलेली नाही, मी स्वतः कितीला घेतलं ते बघा. ती म्हणाली, किंमत कमी करून घ्यायचा अर्ज आहे, पण बाकी भरल्याशिवाय तो घेत नाहीत. बाकी हप्त्याने भरता येते, पण हप्ता बांधून घेताना किंमत मान्य असल्याची सही करावी लागते. आणि एकदा मान्य केल्यावर अर्ज कशाचा? हे तिने अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, जणू मीच तिला विचारलं असावं की पाणी ओलं का असतं. मी गावच्या शाळेत शिकलेला, पण गणितात कधी मागे नव्हतो. या गणिताच्या पुस्तकाला उत्तरांचं पानच नव्हतं. मी हप्ता बांधून घेतला.

तरी पहिली दोन-तीन वर्षं वाईट गेली असं म्हणणार नाही. आई रोज सकाळी पुढचं दार उघडायची आणि काही काम नसताना उंबऱ्यात उभी राहायची. बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या रांगेत नऊ घरं, त्यातल्या सहांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आणि रस्त्याचे दिवे एक खांब सोडून एक. मला इस्पितळाच्या धुलाईखान्यात रुळावर काम मिळालं. ओल्या चादरीची दोन टोकं दोघांनी धरायची आणि ती तापलेल्या रुळाखाली सोडायची. पलीकडून ती वाळून, ताठ होऊन बाहेर पडते. मी आलो तेव्हा दिवसाला आठ-नऊशे चादरी यायच्या. आता अडीचशे येतात. शहरात किती माणूस उरलाय हे जनगणनेवाल्यांच्या आधी आपल्याला कळतं, असं आमचा मुकादम म्हणतो. मी इथे घर विकत घेतलंय हे कळल्यावर पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "रिकामी बस दिसली म्हणून चढलास होय रे? ती डेपोत चाललीय हे विचारायचंस तरी." सगळे हसले, मीही हसलो. चांगला माणूस आहे. अलीकडे त्याने मला रुळावरून काढून शिवणाच्या टेबलावर बसवलंय, फाटक्या चादरींना ठिगळं लावायला. वाफेने खोकला वाढतो म्हणून. तू फोनवर ऐकलास तोच खोकला.

आईची या घराबाबत एकच मागणी होती. कागदावर तिचंही नाव लागावं. मी अर्ज केला, पण नाव चढवायला काहीही बाकी नसल्याचा दाखला लागतो, आणि तो काही मिळेना. दर दोन-तीन महिन्यांनी ती विचारायची, लागलं का हो माझं नाव? मी म्हणायचो, लागेल. तीन वर्षांपूर्वी ती गेली तोवर लागलं नव्हतं. हल्ली मी ज्या वकीलबाईंकडे जातो त्या म्हणाल्या, नशीब समजा, लागलं असतं तर त्यांचा अर्धा हिस्सा त्याच दिवशी तुमच्या मुलीच्या डोक्यावर येऊन बसला असता. याबद्दल देवाचे आभार मानायचे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रोज सकाळी हात मात्र जोडतो. मागत काही नाही. शाळेत गुरुजींनी नाव घेतलं की 'हजर' म्हणायचो, तसं म्हणतो आणि कामाला जातो.

आता शेजारच्या आजींचं. सुट्टीत आलीस की तू त्यांना मशीनआजी म्हणायचीस, कारण तीस वर्षं त्या कारखान्यात मशीनच्या सुया तपासत होत्या आणि पन्नास पावलांवरून चष्म्याशिवाय तुझ्या ओढणीचा उसवलेला टाका दाखवायच्या. त्यांचं घर आणि आपलं घर, मधली भिंत एक आणि वरचं छप्पर एक. शेवटी त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांचे दोन्ही मुलगे आले होते, तो दिवस आठव. मी तुला फोनवर सगळं सांगितलं होतं. नगरपालिकेची माणसं घरातलं सामान बाहेर काढत होती आणि हे दोघे समोरच्या फुटपाथवर उभे. स्वतःच्या आईच्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नाही. तुझ्या आईने फोटोंचा डबा उचलून थोरल्याला द्यायला नेला, तर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. नुसती मान हलवून नको म्हणाला. डबा नगरपालिकेच्या गाडीत गेला. संध्याकाळी तुझी आई म्हणाली, दगडाची पोरं. मीही मान डोलावली. आणि तू फोनवर म्हणालीस, बाबा, असं कसं वागू शकतं कुणी?

त्यानंतर महिनाभराने आजींच्या दारावर पाणीपट्टीची नोटीस चिकटवली गेली. रक्कम किरकोळ होती. पण वर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव, आणि त्यापुढे 'थकबाकीदार'. एक कोपरा सुटलेला, वाऱ्याने दिवसभर फडफडायचा. जाता-येता ते नाव दिसायचं. आमचे गुरुजी सांगायचे, वाटेतला दगड ज्याला दिसला त्याने उचलायचा, पुढच्याची वाट बघायची नाही. मी जाऊन पैसे भरले. खिडकीवर तीच बाई. म्हणाली, तुम्ही कोण यांचे? मी म्हटलं, शेजारी. "शेजारी असा रकानाच नाही, काका. मालक, वारस, वापरणारा. तिन्हीतल्या एकावर खूण करा." दुसरा कुणी असता तर कशावरही रेघ मारून मोकळा झाला असता, किंवा पैसे खिशात घालून घरी गेला असता. मी तिथे उभा राहून खरं काय याचा विचार करत बसलो. मालक नाही, वारस नाही. पण माझी शिडी त्यांच्या मागच्या अंगणात ठेवलेली होती, आणि तुझी आई त्यांच्या दोरीवर कपडे वाळत घालायची. आजींनीच सांगितलं होतं, घाला म्हणून. तेव्हा 'वापरणारा' हेच सगळ्यात खरं होतं. मी चौकटीत नीट खूण केली, बाहेर जाऊ न देता. घरी आल्यावर आई म्हणाली, भाजून झाल्या लष्करच्या भाकऱ्या? मी म्हटलं, एकच होती, आणि लहान होती.

आई गेल्यावर वर्षभराने त्या खुणेचा कागद आला. आजींच्या दोन्ही मुलांनी वारसा नाकारलेला, त्यामुळे त्या घराला मालक नाही. वापरणारा मात्र नोंदीवर आहे, आणि तो मी. म्हणून त्या घराची सगळी मागची बाकी माझ्याकडे. शिवाय त्याची पुढची भिंत रस्त्याकडे कललेली आहे, ती एकतर नीट करा नाहीतर पाडायचा खर्च भरा. पाडायची तर छप्पर एकच, म्हणजे आपलंही अर्धं उघडं पडणार. त्यासाठी इंजिनीअरचा दाखला. दाखला येईपर्यंत दर महिन्याला दंड. मी तो कागद दारातच उभ्याने वाचला, घडी केली आणि भांडी घासायला घेतली. मला वाटलं होतं की राग येईल. आला नाही. लहानपणी हिवाळ्यात आम्ही नदीच्या पाण्यात हात घालून पैज लावायचो, कोण जास्त वेळ ठेवतो. आधी झोंबायचं, मग दुखायचं, आणि मग बोटं दिसायची पण आपली वाटायची नाहीत. तसं झालंय. दुखत नाही, तू काळजी करू नकोस. फक्त माझं काय आणि कागदाचं काय हे मला आता नीट वेगळं करता येत नाही.

गेली दोन वर्षं मी हे घर देऊन टाकायचा प्रयत्न करतोय. आधी विकायला काढलं. तो दलाल आता दुसऱ्या शहरात धंदा करतो. फोनवर म्हणाला, तुमचा माल आम्ही करत नाही. मग फुकट द्यायला काढलं. मुकादमाच्या मेहुण्याने येऊन पाहिलं, छप्पर पाहिलं, भिंत पाहिली, बाकीचा आकडा विचारला आणि म्हणाला, "दादा, भीक नको पण कुत्रा आवर." चहा मात्र पिऊन गेला. मग नगरपालिकेलाच अर्ज दिला की घर तुम्ही घ्या. त्यांनी तीन महिन्यांनी लेखी कळवलं, बाकी असलेली मालमत्ता दान म्हणून स्वीकारता येत नाही. बाकी कुणाची? त्यांचीच. शेवटी देवालयाच्या विश्वस्तांकडे गेलो. मनात म्हटलं, माणसांना नको तर देवाला देऊ, त्याच्याकडे कोण कर मागणार? विश्वस्त म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, बाबा रे, देवाच्या नावावर या शहरात आधीच अकरा घरं आहेत, आणि अकरांच्याही नोटिसा मलाच येतात. तिथून उठताना मला हसू आलं. फार दिवसांनी आलं म्हणून तुला कळवतो.

वकीलबाईंचा पत्ता मला विश्वस्तांनीच दिला. चपलांच्या दुकानावर एक खोली आहे, जिना लाकडी, आणि बाई जेमतेम तुझ्या वयाच्या. मला सर म्हणतात. मला कुणी कधी सर म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं. सगळे कागद वाचून त्यांनी माझ्याविषयी फार आशा दाखवली नाही. म्हणाल्या, सर, तुमच्या हयातीत यातून सुटका नाही, पण मुलीला यात यायची गरज नाही. मालक गेला की वारसाला नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने कचेरीत जाऊन एका कागदावर 'नको' असं लिहून दिलं, की घर, बाकी, दंड, भिंत, काहीच त्याच्याकडे येत नाही. पण एक अट आहे. त्याआधी वारसाने वारसासारखं वागलेलं चालत नाही. घराचं एक बिल भरलं, किल्ली स्वतःकडे ठेवली, आतली वस्तू उचलली, अगदी चमचासुद्धा, तर घर स्वीकारलं असं धरतात. मालकाच्या शेवटच्या काळात त्या घरात मुक्काम केला असेल, तर तोही धरतात. मग नको म्हणता येत नाही. मालकाने जिवंतपणी स्वतःच्या हाताने पाठवलेलं मात्र चालतं, तारीख घातलेली पावती हवी. म्हणून ती पेटी आताच पाठवली, तिची पावती जपून ठेव.

मी जिना उतरून खाली आलो आणि दुकानासमोर थोडा वेळ उभा राहिलो. आजींचे मुलगे डोळ्यांसमोर आले. त्या थोरल्याने हात मागे नेले तेव्हा त्याची मान खाली होती, हे मी तेव्हाही पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. त्या पोरांना हे आजींनीच सांगून ठेवलं असणार. सुयांच्या टोकावरचा दोष बघणारी बाई. तिने आपल्या मुलांचं सगळं आधी बघून ठेवलं, आणि आम्ही त्यांना दगड म्हटलं. तुझ्या आईला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

तर ठमे, हे सगळं लिहायचं कारण आता सांगतो. खोकला वाफेचा नाही. गेल्या महिन्यात इस्पितळातच छातीच्या तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर चार-सहा महिने म्हणतात, तेही आडून आडून. येत्या सोमवारपासून मी चौथ्या मजल्यावर भरती होतोय आणि परत घरी जाणार नाही. घराला कुलूप लावून किल्ली वकीलबाईंकडे देणार आहे. खोकला ऐकून तू दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकून घरी येऊन राहणार म्हणालीस, माझं नाव थकबाकीदारांत राहू नये म्हणून हप्ता भरणार म्हणालीस. मी तुला ओळखतो. तू माझ्यावर गेली आहेस, तूही तो रकाना खरा भरशील. म्हणून हात जोडून सांगतो, भरू नकोस. तुम्ही दोघं आता कुठे दोन खोल्यांचं बघताय; जावईबापूंना हे पत्र दाखव, ते तुला आवरतील. तू ये, पण घरी येऊ नकोस, माझ्याकडे ये. इस्पितळाच्या मागच्या फाटकाने आत आलीस की लिफ्ट आहे, भेटायची वेळ चार ते सहा, आणि स्टेशनजवळच्या धर्मशाळेत मुकादम तुझी सोय करतोय. त्या रस्त्यावर वळूसुद्धा नकोस. नंतर माझं नाव दारावर चिकटवतील, त्याचा फोटो तुला कुणीतरी पाठवेल, तो फडफडू दे. माझं सगळं झालं की तुझ्या शहरातल्या कचेरीत जाऊन तो कागद लिहून दे, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नकोस. लोक नावं ठेवतील, दगड म्हणतील. आम्हीही म्हटलं होतं. कुणी विचारलं की बाबांनी मागे काय ठेवलं, तर काही नाही म्हणून सांग. ते खरं करायला मला दोन वर्षं लागली आहेत.

तुझाच,
बाबा